तान्ह्या पोळ्याचा बैल कॉमिक मेळ्यात

गुरुवार

पोळ्याला माहेरी, नागपूरला जायचं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी शाळेच्या चाचणीत अडकतं. यंदा अडकलं नाही, पण त्याचं श्रेय पोळ्याला नाही. भावाचा फोन आला होता, "रविवारी वर्धा रोडवर कॉमिक अन् अ‍ॅनिमेचा मेळा आहे. कॉलेजची पोरं भरवून राहिली. ये पोट्ट्यांना घेऊन." अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिका. फोन स्पीकरवर होता. थोरलीनं ऐकलं आणि मग घरात दुसरा विषय उरला नाही.

थोरली सात वर्षांची, धाकटा साडेचारचा. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही तिघंच निघालो. पुण्याहून नागपुरातल्या अजनीला जाणारी वंदे भारत ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झाली. 881 किलोमीटर, जवळजवळ बारा तास, आणि सगळं बसून. रात्रीच्या गाडीत मुलं झोपतात हा तिचा मोठा गुण असतो, तो इथे नाही. मात्र सकाळी साडेसहाच्या आत पुणं सोडलं की संध्याकाळी दिवेलागणीला अजनी येतं, हे सोयीचं. मनमाडपर्यंत दोघं रंगकामात होती, जळगावच्या केळीच्या बागांपर्यंत भांडणात, आणि शेगाव येईस्तोवर धाकटा माझ्या मांडीवर आडवा. शेगावला गाडी थांबते, पण या गाडीची खिडकी उघडत नाही. कचोरीवाला काचेपलीकडून दिसतो, हात पोचत नाही. बडनेरा गेलं की माझी भाषा आपोआप बदलते, असं थोरली म्हणते. "आई, तू आत्ता 'काहून' म्हणालीस."

महालातल्या घरी पोचलो तेव्हा आईनं लाकडी बैल माळ्यावरून काढून, पुसून, पाटावर ठेवला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतो आणि म्हणतो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आमच्याकडे शेती राहिली नाही, बैलही नाहीत. आई लाकडी बैलालाच आवतण देते. धाकट्यानं बोट तुपात बुडवून बैलाचे चारही खांदे माखले. मागचे दोन खांदे नसतात हे त्याला कुणी सांगितलं नाही.

शुक्रवार

पोळ्याचं जेवण म्हणजे पुरणपोळी, कढी, भजी, वडे, आणि मग दुपारी कुणी कामाचं राहत नाही. पण पोशाख रविवारपर्यंत व्हायचे होते, आणि धाकट्याला तोच पोशाख शनिवारी संध्याकाळी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्यालाही हवा होता. म्हणजे आमच्या हातात एकच दिवस.

थोरलीला एका जपानी मालिकेतली निन्जा मुलगी व्हायचं होतं. नाव मी दोनदा म्हटलं, तिनं दोनदा सुधारलं. तिचं काम सोपं होतं. काळी सलवार, गडद निळा कुर्ता कमरेपर्यंत कापलेला, कपाळाला पट्टी आणि पट्टीवर चांदीच्या कागदाचा पत्रा. मामानं फोम शीट कापून पाठीवरची तलवार केली. आयोजकांनी कळवलं होतं की लोखंड, लाकडाची काठी, टोकदार वस्तू आत चालणार नाही, दारावर तपासतील. फोमची तलवार चालते. ती भावंडावर मारली तरी चालते, हे दोघांनी लगेच तपासून घेतलं.

धाकट्याला विचारलं, तुला कोण व्हायचं? त्याला सगळे सुपरहिरो ठाऊक आहेत. त्यानं पाटावरच्या बैलाकडे बोट केलं.

मामा समजावत बसला, "अरे, तिथं बैल नसते बे कोणी." पण आईनं तोवर पेटीतून जुनं मखमली तपकिरी कापड काढलं होतं. सिंगर मशीन अजून चालते. तासाभरात अंगरखा झाला, पाठीवर लाल झूल, झुलीला आरसे आणि गोंडे. वर्तमानपत्राच्या सुरळ्या करून शिंगं केली, त्यांवर बेगड चिकटवली. गळ्यात घुंगरमाळ. माझ्या आग्रहानं दोन गोष्टी बदलल्या. शिंगं टोपीला शिवण्याऐवजी हेअरबँडवर बसवली, म्हणजे पटकन काढता येतात. आणि अंगरखा मागून बंद न करता पुढून वेलक्रोनं बंद केला. साडेचार वर्षांच्या मुलाला "लागली" म्हटल्यापासून फार तर दीड मिनिट मिळतं. ज्या पोशाखात पोराला बसता, जेवता आणि घाईनं बाथरूमला जाता येत नाही, तो कितीही देखणा असो, घरी ठेवावा.

पोशाख घालून मेळ्याला जाण्याची ही रीत जगात बरीच जुनी आहे. 1939 मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तिथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन नावाचा तरुण भविष्यातल्या माणसाचा पोशाख घालून गेला. तो बेतला आणि शिवला होता त्याच्या मैत्रिणीनं, मर्टल डग्लसनं. तिनं स्वतःही तसाच पोशाख घातला होता. नाव मात्र बराच काळ त्याचंच झालं. आईला हे सांगितलं तर ती दोरा दातानं तोडत म्हणाली, "असंच असते."

शनिवार

पोळ्याचा पाडवा. नागपुरात या दिवशी सकाळी मारबतीची मिरवणूक आणि संध्याकाळी तान्हा पोळा.

मारबतीची गर्दी लहान मुलांना रस्त्यावरून दाखवण्यासारखी नाही, हे मी महालात वाढलेली असूनही सांगते. इतवारीत मावशीचं घर आहे, त्याच्या गॅलरीतून पाहिली. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. भोसले घराण्यातल्या बाकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, त्याच्या निषेधाची ही काळी मारबत, असं जुनी माणसं सांगतात. कागद, बांबू, कापडाचे हे प्रचंड पुतळे, मागे बडगे, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला त्याची सोंगं. महागाई, खड्डे, पुढारी, शेजारी देश, काहीही. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" या आरोळीनं गल्ली दणाणते. धाकट्यानं कान झाकले आणि माझ्या ओढणीत शिरला. थोरली मात्र कठड्याला चिकटून काळ्या मारबतीची लाल जीभ आणि वटारलेले डोळे बघत राहिली. तोंड उघडं.

"हिला कोण बनवतं?"

"माणसं बनवतात."

"आणि मग?"

"मग गावाबाहेर नेऊन जाळतात."

एवढं बनवून जाळतात, हे तिला पटलं नाही. मावशीनं साबुदाणा वडा पुढे केला आणि तो प्रश्न तेवढ्यापुरता मिटला.

संध्याकाळी गल्लीत तान्हा पोळा. 1806 मध्ये दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी तो सुरू केला असं सांगतात. मोठ्या बैलांचा सण मुलांनाही करता यावा म्हणून लाकडी बैल, चाकं लावलेले, दोरीनं ओढायचे. पोरं नटूनथटून येतात. शिवाजी, झाशीची राणी, डॉक्टर, शेतकरी, आता अधूनमधून स्पायडरमॅनही. रांगेत बैल उभे करायचे, तोरण तुटायचं, बक्षीस वाटायचं, आणि मग बैल ओढत घरोघर जायचं. प्रत्येक घरी बैलाला ओवाळतात आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवतात. दहा रुपये, वीस रुपये, चॉकलेट, पेन.

आमचा धाकटा स्वतः बैल होता आणि हातात बैलही होता. शेजारच्या काकूंनी विचारलं, "ओवाळू कोणाले बाप्पा, याले का त्याले?" दोघांनाही ओवाळलं. बोजारा मात्र दुप्पट मिळाला नाही, म्हणून तो थोडा नाराज होता. रात्री दोघांचे पैसे मोजले, थोरलीचे तीनशे साठ, त्याचे दोनशे नव्वद. मी जाहीर केलं की उद्या मेळ्यात हेच पैसे, यावर एक रुपया नाही. लहान मुलांना अशा मेळ्यात नेणाऱ्या आईबापांनी दुसरं काही केलं नाही तरी पैशांचा हिशोब आदल्या रात्री मुलांच्या हातात द्यावा. दुकानासमोर सुरू झालेली घासाघीस आपण कधीच जिंकत नाही.

रविवार

सकाळी पावसाची भुरभुर. शिंगांना प्लास्टिकची पिशवी गुंडाळून निघालो, मी, भाऊ, बाबा आणि दोघं. आई म्हणाली, "मी शिवलं, आता तुम्ही पाहा." ऑटोनं सीताबर्डीपर्यंत, तिथून मेट्रोची ऑरेंज लाइन. अजनीच्या पुढे वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर गाड्यांचा उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, असा 3.14 किलोमीटरचा दुमजली पूल आहे, गिनीज बुकात नोंद झालेला. पूल अर्थातच गाडीतून दिसत नाही, कारण आपण त्याच्या डोक्यावर असतो. पण शेजारून खालच्या मजल्यावर मोटारी पळताना दिसल्या की मुलांना ते पुरतं. डब्यात समोर एक उंच मुलगा बसला होता, पांढरे केस, डोळ्यात निळी लेन्स, मांडीवर पुठ्ठ्याचं पाते. त्यानं धाकट्याच्या शिंगांकडे पाहिलं, धाकट्यानं त्याच्या पात्याकडे. दोघांनी मान हलवली.

दार अकराला उघडणार होतं, उघडलं पावणेबाराला. रांग मोठी नव्हती पण सावली कमी होती. बिस्किटं, पाणी आणि बाबांची गोष्ट यावर वेळ निघाला. दोघांच्या मनगटावर पेनानं माझा नंबर लिहिला, आणि आत शिरताच भेटायची जागा ठरवली: पाण्याच्या पिंपाजवळचा खांब. धाकट्याच्या कानात कापूस घातला. स्पीकर कुठेही गेलं तरी मोठाच असतो, हा शनिवारचा धडा होता.

हॉल एकच, मंगल कार्यालयाएवढा. चाळीसेक टेबलं. मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स, त्यांचे खंड, कीचेन, स्टिकर, पोस्टर, काचेच्या पेटीत लहान लहान पुतळे, एका कोपऱ्यात गेमिंगचे संगणक, पलीकडे स्टेज. मला हा आकार आवडला. 1970 च्या ऑगस्टमध्ये सॅन डिएगोत तीन दिवसांचा पहिला कॉमिक मेळा एका हॉटेलात भरला तेव्हा तीनशेच्या आसपास माणसं आली होती. आज तिथे लाखाच्या वर येतात. आपल्याकडे कॉमिक कॉन 2011 मध्ये दिल्ली हाटला सुरू झाला आणि मग मुंबई, बंगळूर, हैदराबाद, पुणे असा फिरू लागला. त्या मोठ्या मेळ्यांचे फोटो पाहून मी कधी मुलांना नेलं नाही, कारण साडेचार वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून तिथे फक्त पाय दिसत असणार. इथे एका नजरेत सगळा हॉल दिसत होता, आणि धाकटा चुकला तर घुंगरं वाजत होती.

आत गेल्यावर अर्धा तास थोरली नुसती बघत होती. ज्यांना ती टीव्हीवर पाहते ती माणसं चालत होती, समोसा खात होती, मोबाइल चार्जिंगला जागा शोधत होती. मग तिच्यासारखीच पट्टी बांधलेल्या दोन कॉलेजच्या मुली समोर आल्या. त्यांनी कमरेत वाकून तिला नमस्कार केला आणि एकीनं हाताच्या बोटांची काहीतरी अवघड मुद्रा केली. थोरलीनं तशीच मुद्रा करून उत्तर दिलं. घरी नाव विचारलं तरी लाजणारी मुलगी. फोटो काढण्याआधी त्यांनी मला विचारलं, "काढू का? कुठे टाकणार नाही." हे विचारणं मला फार बरं वाटलं.

आणि धाकटा. त्यानं घरून लाकडी बैलही आणला होता, तो मी पिशवीत ठेवला होता. आत जाताच त्यानं तो मागून घेतला, दोरी धरली आणि पहिल्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, काहीतरी आवडलं असेल. तो काही मागेना, हातही लावेना. नुसता उभा. टेबलामागचा मुलगा वाकून म्हणाला, "काय पाहिजे, भाऊ?"

"बोजारा."

माझ्या कानशिलापर्यंत गरम झालं. पण तो मुलगा नागपूरचा निघाला. त्यानं एक क्षण घेतला, मग टेबलाखालून स्टिकरचं पान काढलं, एक स्टिकर कापला, बैलाच्या कपाळाला टेकवून ओवाळल्यासारखं केलं आणि धाकट्याच्या हातावर ठेवला. "पोळ्याच्या शुभेच्छा घ्या."

झालं. तो दुसऱ्या टेबलाकडे निघाला. मी मागे, "अरे, इथे नसतं मागायचं," आणि भाऊ मला थांबवून, "जाऊ दे ना, पाहू तर दे." दुसरीकडे बॅज मिळाला. तिसरीकडे एक बाई होत्या, त्यांनी आधी विचारलं, "हे मिनोटॉर आहे का?" म्हणजे ग्रीक गोष्टीतला बैलाच्या डोक्याचा राक्षस. धाकट्यानं गंभीरपणे सांगितलं, "बैल." बाई हसल्या आणि त्यांनी पर्समधून दहाची नोट काढली. मी ती परत करू पाहिली तर म्हणाल्या, "काल माझ्या पोराला सगळ्या गल्लीनं दिले, मी एवढं नको देऊ?" एका टेबलावरचा विक्रेता बाहेरगावचा होता, त्याला काही कळेना. शेजारच्यानं त्याला हिंदीत सगळा तान्हा पोळा समजावून सांगितला, रघुजीराजांसकट. त्यानं कीचेन दिली आणि बैलाचा फोटो घेतला. पुण्यात हे झालं नसतं. तिथे मुलाला शहाणपण शिकवलं असतं, आणि बहुधा मीच शिकवलं असतं.

बाबांचं वेगळंच चाललं होतं. ते मुलांना सांभाळायला आले होते. पण एका टेबलावर जुन्या कॉमिक्सचा ढीग होता आणि त्यात मराठी इंद्रजाल. ही पुस्तकं 1964 ते 1990 पर्यंत निघत होती, त्यातला वेताळ, इंग्रजीतला फँटम, म्हणजे बाबांचं सगळं बालपण. ते चष्मा वर करून पानं उलटत होते. "आम्ही भाड्यानं आणायचो. दिवसाला दहा पैसे. एकानं आणायचं अन् वाड्यातल्या सगळ्यांनी वाचायचं." किंमत विचारली. विक्रेता म्हणाला, सहाशे. बाबांनी पुस्तक खाली ठेवलं, फिरून आले, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. तिसऱ्या वेळी भावानं गुपचूप पैसे दिले. मग बाबा आणि तो विक्रेता, पंचविशीतला पोरगा, दोघं वेताळाच्या अंगठीचा कवटीचा ठसा कोणत्या हातावर, यावर पंधरा मिनिटं वाद घालत होते.

सगळंच गोड नव्हतं. काही पोस्टरं मुलांच्या उंचीला टांगली होती आणि मुलांसाठी नव्हती. रक्त, तुटलेले हात, कपडे कमी. तसली टेबलं एका बाजूला ठेवली असती तर बरं झालं असतं. एक जण पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा घालून आला, त्याला पाहून धाकट्यानं भोकाड पसरलं. त्या माणसानं तिथल्या तिथे मुखवटा काढला, गुडघ्यावर बसला, आणि घामानं डबडबलेला, दाढी वाढलेला एक साधा मुलगा बाहेर आला. त्यानं मुखवटा धाकट्याच्या हातात दिला, "तू घाल." शिंगांमुळे तो बसला नाही. खाण्याचं म्हणाल तर समोसा चाळीस रुपये आणि गार. आईनं बांधून दिलेल्या पुरणपोळ्या खांबाजवळ बसून खाल्ल्या. निळ्या लेन्सवाल्या मेट्रोतल्या मुलालाही एक दिली.

थोरलीचे बहुतेक पैसे एका टेबलावर गेले, आणि तिथे तिनं वस्तू एकच घेतली. चित्रकलेच्या कॉलेजात शिकणारी एक मुलगी स्वतः काढलेली छोटी कॉमिक्स विकत होती, झेरॉक्स करून, मधोमध स्टेपल मारलेली, सोळा पानांची. थोरलीनं विचारलं, "हे तू एकटीनं केलं?" मुलीनं तिला कसं ते दाखवलं. एक कागद घ्यायचा, तीनदा घडी घालायची, मधे चीर द्यायची, उलगडला की आठ पानांचं पुस्तक. चौकटी आधी पेन्सिलीनं. बोलणारा फुगा चित्राआधी काढायचा, नाहीतर नंतर जागा राहत नाही. "सगळे इथंच चुकतात," ती म्हणाली. अर्धा तास दोघी जमिनीवर बसून घड्या घालत होत्या. दिवसभरात स्टेजवर काय काय झालं, कोण नाचलं, प्रश्नमंजूषेत कोण जिंकलं, थोरलीला काही माहीत नाही.

तीनच्या सुमारास स्टेजवरचा आवाज वाढला, कॉस्प्लेची, म्हणजे पोशाखांची स्पर्धा सुरू होणार होती. भावाला थांबायचं होतं. मुलांच्या गटात नाव द्या, असं माइकवरून सांगत होते. पण धाकटा खांबाला टेकून उभ्या उभ्या झोपू लागला होता, शिंगं एका कानावर. मी त्याला उचललं. अडीच-तीन तास हे या वयाचं माप आहे, त्यापुढे बक्षीस असलं तरी घरी जावं. भाऊ राहिला, आम्ही निघालो. मेट्रोत धाकट्याच्या मुठीत स्टिकर, बॅज, कीचेन आणि दहाची नोट होती. त्याचे दोनशे नव्वद जसेच्या तसे खिशात.

सोमवार

बुधवारी गणपती, म्हणजे मंगळवारची गाडी गाठायचीच. आजचा दिवस बर्डीवर संत्रा बर्फी आणि आईच्या हातच्या पुडाच्या वड्या बांधण्यात गेला. शिंगं कशात मावेनात, ती इथेच माळ्यावर राहिली. झूल नेली.

थोरली सकाळपासून ओट्यावर. कागदाला घड्या, चीर, आठ पानं. पहिल्या पानावर बैल मेट्रोत बसला आहे. दुसऱ्यावर काळी मारबत हॉलच्या दारात उभी आहे आणि दरवान तिची जीभ टोकदार आहे का ते तपासतो आहे. फुगे आधी काढले होते, चित्रं मग.

दुपारी आई कापडाचे तुकडे आवरत होती. थोरली तिच्याजवळ जाऊन बसली.

"आजी, पुढच्या वर्षी मला काळी मारबत व्हायचंय. लाल जीभ पण."

आईनं टेप काढला, तिच्या खांद्याचं माप घेतलं, मग डोकं वर केलं.

"होईन बापा. पण मंग तुले जाळाले कोन नेईन?"

"धाकटा," थोरली म्हणाली. "बैल आहे ना तो. गाडी ओढेल."